भडंगाच्या पुडीतलं न दिसणारं तेल

सांगलीत संध्याकाळी गाड्यावर भडंग मागितलं की गाडेवाला वर्तमानपत्राचा चतकोर कागद घेतो, मनगट फिरवून पुडी वळतो आणि लसूण-तिखटाच्या फोडणीनं लाल झालेले चुरमुरे तिच्यात ओततो. भडंग अर्धं संपेस्तोवर कागद तेलानं इतका भिजतो की बाहेरची बातमी आतून दिसायला लागते. बोटांना काळं लागतं, तेही आपण चाटून टाकतो.

ते काळं म्हणजे काजळी. खरी काळजी काजळी ज्यात कालवतात त्या तेलाची. वर्तमानपत्राच्या शाईत बहुधा पेट्रोलियमपासून काढलेलं खनिज तेल असतं. ते वाळून कडक होत नाही, कागदात मुरून राहतं. गरम, तेलकट पदार्थ टेकला की त्यात सहज उतरतं.

हे तेल मोजणंही अवघड, कारण त्यात हजारो प्रकारचे रेणू असतात. यंत्राच्या आलेखावर टोकदार सुळके उमटायच्या ऐवजी एकच सलग उंचवटा येतो, खिलार बैलाच्या वशिंडासारखा. त्यातला एक गट संपृक्त हायड्रोकार्बनचा, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या एकेरी बंधांच्या रेणूंचा. ते यकृत, प्लीहा यांत साठतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेला 2023 मध्ये सध्याच्या प्रमाणात त्यांचा धोका वाटला नाही. पण दुसरा गट अरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखी कार्बनची कडी असलेल्या रेणूंचा. त्यातले तीन किंवा जास्त कड्यांचे काही रेणू डीएनएला इजा करून कर्करोगाला कारण ठरू शकतात. म्हणून युरोपीय देशांनी 2022 मध्ये या गटासाठी मर्यादा ठरवल्या: कमी स्निग्धांशाच्या कोरड्या पदार्थांत किलोमागे 0.5 मिलिग्रॅम, तेल-तुपात 2. त्याहून जास्त सापडलं तर माल बाजारातून मागे.

आपल्याकडेही नियम आहेत. खाद्यतेलात खनिज तेल असता कामा नये, हे मानकांतच लिहिलंय. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला आणि साठवायला मनाई केली. पण या मनाईचा बडगा गाडेवाल्याच्या डोक्यावर पडतो. शाई मात्र तीच राहते. घरी भजी निथळायला आणि पोळ्यांच्या डब्यात तळाला आपणही तोच कागद घालतो. मला हे उलटं वाटतं. बंदोबस्त छापखान्यापासून व्हायला हवा. फ्रान्सनं 2022 पासून वेष्टनांवरच्या छपाईत खनिज तेलं वापरायला बंदी घातली, ती अशी मुळाशी हात घालणारी आहे.

तागाच्या पोत्याचंही तसंच. ताग चिवट, म्हणून सूत काढण्याआधी तो तेल-पाण्याचं मिश्रण मारून मऊ करतात. परंपरेनं हे तेलही पेट्रोलियमचंच. कॉफी आणि कोकोच्या निर्यातीसाठी वनस्पती तेलावर मऊ केलेल्या तागाची वेगळी पोती मिळतात. तांदळाच्या कोंड्याचं तेल त्यासाठी चालतं, म्हणजे उपाय परका नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची थप्पी लागते, तेव्हा पोतं कुठल्या तेलावर विणलंय हे त्यावर छापलेलं असावं, अशी मागणी व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून करायला हवी. हळदीतही स्निग्धांश असतो, आणि ती पोत्यात महिनोन्‌महिने राहते.