लेझरचा धूर आणि दुपारची झोप

तान्हा पोळा जवळ आला की नागपुरात लाकडी नंदीबैलांची मागणी वाढते. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने प्लायवूडचे तुकडे जोडून उभे करायचे बैल लेझरवर कापायला घेतले. मागच्या खोलीत मशीन, खिडकीतून बाहेर काढलेला चार इंची पाइप आणि मशीनसोबत आलेला शंखाच्या आकाराचा ब्लोअर, एवढा संसार. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू दारात उभ्या. "दुपारी जरा डोळा लागला का तुमचं घों घों सुरू होते. त्या लेझरचा आवाज कमी नाही करता येत का?"

लेझरचा किरण मुका असतो. काकूंची झोप मोडत होता तो धूर बाहेर फेकणारा पंखा. आणि एवढा कल्ला करूनही खोलीत जळक्या लाकडाचा वास भरलेला होताच. ब्लोअर ओरडतोय म्हणजे धूर खेचतोय, असा भावाचा समज होता. मग तीन रविवार आम्ही दोघं त्या पंख्याच्या मागे लागलो.

आधी धुराबद्दल. लाकूड-ॲक्रिलिक कापणाऱ्या बहुतेक मोठ्या मशीनमध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर असतो. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवला सी. कुमार एन. पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. लाकूड आणि प्लास्टिक तो चटकन शोषून घेतात आणि त्या बारीक ठिपक्यापुरता पदार्थ क्षणात तापून वाफ होतो. कापणं म्हणजे खरं तर जाळणं आणि उडवून लावणं. उडालेला माल हवेतच राहतो. ॲक्रिलिकमधून मिथाइल मेथाक्रिलेटची वाफ निघते, तो झोंबरा गोडसर वास तिचाच. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळीच्या, डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. लाकडाच्या धुरातले बरेचसे कण एक मायक्रोमीटरहूनही लहान असतात, म्हणजे थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे. फ्लेक्सचा तुकडा, रेक्झिन, विनाइलचा स्टिकर मात्र लेझरखाली घालूच नका. त्यांतलं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो छातीही जाळतो आणि मशीनचे लोखंडी भागही खातो. कोणताही पंखा बसवला तरी याला माफी नाही.

आता आवाज. एकच पंखा, एकच पाइप ठेवून पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी जाते, वीज एक अष्टमांश लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की आपल्या कानाला आवाज जवळपास अर्धा वाटतो, म्हणजे १५ उतरले की एक तृतीयांशाच्या आसपास. निवासी भागासाठी आपल्याकडची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, तेव्हा हे १५ फार मोलाचे. प्रश्न एवढाच उरतो की निम्म्या हवेत धूर निघेल कसा?

उत्तर सापडलं एका उदबत्तीत. मशीन बंद, ब्लोअर चालू ठेवून आम्ही झाकणाच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवली. जिथे धुराची रेघ आत वळली तिथे खेच होती. पुढच्या झाकणापाशी ती सरळ वर जात होती, आणि मागच्या बाजूला, पाइपच्या तोंडाजवळच्या एका भल्या मोठ्या फटीत सुळकन शिरत होती. ब्लोअर धूर ओढतच नव्हता. तो फटीतून खोलीतलीच हवा ओढून बाहेर टाकत होता.

धूर मशीनच्या पेटीबाहेर येऊ नये म्हणून प्रत्येक उघड्या जागेतून हवा सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरच्या वेगाने आत यायला हवी. हिशेब सोपा आहे. सगळ्या फटींचं मिळून क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटीमीटर असेल तर ताशी २१६ घनमीटर हवा ओढावी लागते. फटी बुजवून तेच ३०० वर आणलं तर ५४ पुरते. काम चालू असताना पेटीत धूर तुंबू नये म्हणून याहून बरीच जास्त ठेवावी हे खरं, पण प्रमाण तेच राहतं. आम्ही मागची फट पत्र्याने बंद केली, झाकणाला दाराची रबरी पट्टी चिकटवली आणि हवा शिरायला फक्त पुढच्या बाजूला खाली एक लांब फट ठेवली. हवा पुढून शिरते, कापायच्या जागेवरून सरपटत जाते आणि मागून निघते. पैसे खर्चायला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की पंख्याच्या दुकानात जाण्याआधी उदबत्ती लावा.

मग पाइप. चार इंची पाइपातून ताशी २०० घनमीटर हवा न्यायची तर ती सेकंदाला सुमारे ७ मीटरने पळते. सहा इंचीत तेवढीच हवा ३ मीटरच्या जरा वर. घर्षणामुळे लागणारा दाब मात्र व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो, म्हणून चाराचा सहा इंच केला की तो साडेसात पटीने कमी होतो! वळणांवर उठणाऱ्या भोवऱ्यांचा आवाजही वेग निम्मा झाला की १५ डेसिबल किंवा त्याहून अधिक पडतो. लवचिक ॲल्युमिनियमचा सुरकुत्यांचा पाइप स्वस्त असतो, पण सैल सोडला की त्याची प्रत्येक सुरकुती हवेला अडवते. तो ताणूनच बसवा. जमेल तिथे सरळ गुळगुळीत पाइप घ्या, आणि काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या घेराचं वळण.

पंखा निवडताना खोक्यावरच्या सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा जाते त्या, आकड्याला भुलू नका. तो बहुतेक वेळा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. स्वयंपाकघरातला पात्यांचा एक्झॉस्ट असा मोकळ्यावर भरपूर हवा फेकतो, पण दोन मीटर पाइप जोडला की दम सोडतो, कारण त्याला दाब जमत नाही. शंखाच्या ब्लोअरला दाब जमतो, पण छोट्या चाकाने तो कमवायला त्याला फार जोरात फिरावं लागतं. घरासाठी मधली जात बरी, ती पाइपाच्या सरळ रेषेत बसणाऱ्या इनलाइन फॅनची. गरजेपेक्षा एक माप मोठा घ्यायचा आणि सावकाश चालवायचा. वेग बदलण्याची सोय पंख्यासोबतच आलेली असावी. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर लावला तर काही मोटरी हूं हूं करत गुणगुणायला लागतात.

आणि तो बसवायचा खिडकीपाशी. ब्लोअर मशीनजवळ असला तर पुढचा सगळा पाइप दाबाखाली राहतो आणि प्रत्येक सांध्यातून धूर खोलीत गळतो. खिडकीपाशी असला की आतला पाइप खेचेखाली राहतो, त्यामुळे गळती झालीच तर हवा आत जाते. फक्त तो थेट ग्रिलवर किंवा भिंतीवर ठोकू नका, कारण भिंत ढोलकीसारखी वाजते. मध्ये रबर हवं. आवाज आणखी उतरवायचा तर पंख्यानंतर एक वळणाची पेटी करता येते, आत रॉकवूल (दगड वितळवून केलेली, न जळणारी लोकर) आणि त्यावर भोकांचा पत्रा. फोम मात्र नको. चिकट काजळी आणि उडालेली ठिणगी यांच्या वाटेत फोम म्हणजे सरपणच.

एक गोष्ट खास आपल्या नागपूरची. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यायला हवी. दारं-खिडक्या बंद केल्या की पंखा उपाशी फिरतो, आवाज चढतो आणि धूर जागेवरच राहतो. भावाची खोली सुमारे ३२ घनमीटरची. ताशी २०० घनमीटर म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला सहा वेळा बदलली. मे महिन्यात एसी लावून हे करणं म्हणजे थंडावा रस्त्यावर ओतणं. कूलरचं उलट आहे. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागतेच, नाहीतर खोली नुसती दमट होते. एकाने आणायची, दुसऱ्याने न्यायची, अशी जोडी छान जमते. कूलरचा झोत मात्र मशीनवर येऊ देऊ नका, तो पुढच्या फटीतल्या धुराला परत खोलीत ढकलतो. उदबत्तीने हेही लगेच दिसतं.

बाहेरचं तोंड कुणाच्या खिडकीसमोर येत असेल तर पाइप वर गच्चीपर्यंत न्या. तेही शक्य नसेल तर गाळणी. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शहरात पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण, हा शब्द कुणाला नवा नाही. हे कण हेपा गाळणी धरते, अगदी ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के. पण वायू तिच्यातून सरळ पार होतात. वायूसाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि तो भरला की काहीच धरत नाही. शिवाय दोन्हींमुळे हवेला अडथळा होतो, म्हणजे पंखा पुन्हा जोरात फिरवावा लागतो.

आमच्या बदलांनंतर पेटीजवळ धरलेल्या फोनवरचा आकडा १४ डेसिबलने खाली आला. फोनचे डेसिबल तंतोतंत नसतात, पण आधी-नंतरची तुलना त्यावर होते. दोन महिन्यांनी पाइप उघडला तर पात्यांवर तपकिरी, चिकट थर होता. तो ओल्या फडक्याने पुसून काढला. साठला तर पाती असमतोल होतात, पंखा थरथरतो, आणि तो थर पेटही घेऊ शकतो. या वर्षी बैल कापायला घेण्याआधीच भावाने पाती पुसून ठेवली आहेत.