विधवा-निधीच्या शर्यतीतून आलेला लाकडी शिडनौकांचा दिवस

मे महिन्यातील शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी असते आणि तिच्या आदल्या शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर जुन्या धाटणीच्या लाकडी शिडनौकांची शर्यत भरते. एरवी या पाण्यावर फायबरग्लासच्या पांढऱ्या यॉटचेच राज्य असते. त्या दिवशी मात्र शंभरी ओलांडलेल्या आणि शंभरीला टेकलेल्या बोटी, आपापले नाव लिहिलेला मोठा झेंडा फडकवत, एकाच पाण्यात उतरतात. तांबड्या-तपकिरी शिडांचे, व्हार्निशने चमकणाऱ्या डोलकाठ्यांचे हे दृश्य किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला श्रीमंतांच्या क्लबातील हौस वाटते. हा समज आजच्या पिढीपुरता काही अंशी खरा असला, तरी उगमाच्या बाबतीत तो पुरता चुकीचा आहे. ही शर्यत भरवणाऱ्या संस्थेचे नाव मास्टर मरिनर्स बेनेव्होलंट असोसिएशन असे आहे. मास्टर मरिनर म्हणजे मालवाहू जहाजाचा कप्तान आणि बेनेव्होलंट म्हणजे परोपकारी, इतके लक्षात घेतले की तिची सुरुवात कोठून झाली असेल याचा निम्मा अंदाज येतो.

1849 च्या सोन्याच्या गर्दीत सॅन फ्रान्सिस्को हे गाव पाहता पाहता शहर झाले, पण शहराला लागणारी कोणतीही वस्तू तेथे पिकत नव्हती. घरांसाठी लाकूड हवे, तर ते उत्तरेकडील मेंडोसिनो आणि हम्बोल्टच्या रेडवुडच्या जंगलांतून आणावे लागे. त्या खडकाळ किनाऱ्यावर धड बंदरे नव्हती. कुत्र्याला गिरकी घेण्याइतकीच जागा, म्हणून खलाशी ज्यांना 'डॉग-होल' म्हणत अशा चिंचोळ्या खाचांत दोन किंवा तीन डोलकाठ्यांची स्कूनर, म्हणजे लांबीच्या दिशेने शिडे बांधलेली बोट, शिरवायची, कड्यावरून दोरांनी किंवा घसरगुंडीवरून खाली सोडलेल्या फळ्या भरायच्या आणि वारा फिरण्याआधी बाहेर पडायचे, असा तो धंदा होता. त्यात जहाजे फुटत आणि माणसे बुडत. मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी ना विमा होता, ना निवृत्तिवेतन. आजारी कप्तान, त्यांच्या विधवा आणि अनाथ मुले यांच्या मदतीसाठी कप्तानांनीच वर्गणी काढून संस्था उभी केली आणि निधी जमवण्यासाठी 4 जुलै 1867 रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आपल्या मालवाहू स्कूनरांची शर्यत उपसागरावर लावली.

त्या शर्यतीत उतरलेल्या बोटी खेळासाठी बांधलेल्या नव्हत्या, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आदल्या आठवड्यात ज्या बोटीने लाकूड आणले आणि पुढच्या आठवड्यात जी पुन्हा लाकूड आणायला जाणार, तीच त्या दिवशी रिकामी होऊन पळत असे. तरीही ईर्ष्या कमी नव्हती, कारण वेगाला बाजारात किंमत होती. ज्या कप्तानाची बोट लवकर पोहोचते त्याला माल आधी मिळतो, हे शहरातील प्रत्येक व्यापारी जाणून होता. म्हणून ही शर्यत एका अर्थाने धंद्याची जाहिरातही होती. सॅन फ्रान्सिस्को यॉट क्लब 1869 मध्ये स्थापन झाला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तो सर्वांत जुना यॉट क्लब मानला जातो. कप्तानांची शर्यत त्याच्याही दोन वर्षे आधीची आहे. या उपसागरावर शेठ लोकांच्या आधी हमालीच्या बोटी धावल्या, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

या बोटी बांधणाऱ्यांत दोन नावे विसरता येत नाहीत. हम्बोल्ट उपसागराच्या काठी कारखाना चालवणाऱ्या हान्स बेन्डिक्सन यांच्या लाकूडवाहू स्कूनरांपैकी 1895 ची 'सी. ए. थेयर' आजही सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइड स्ट्रीट धक्क्याशी संबंधित संग्रहालयात जतन केलेली आहे. दुसरे मॅथ्यू टर्नर. यांनी 1868 पासून आयुष्यभरात 228 जहाजे बांधली आणि 1883 मध्ये आपला कारखाना बेनिशियाला हलवला. टर्नर यांना गलबताच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग लांब, निमुळता ठेवण्याची आणि रुंदी मागे घेण्याची सवय होती. त्या काळच्या पुष्कळ कारागिरांच्या समजुतीला ते धरून नव्हते, परंतु त्यांच्या बोटी पळत असत आणि वाद तेथेच मिटत असे.

समुद्रातून येणाऱ्या स्कूनरांखेरीज उपसागराच्या आतच फिरणारी एक वेगळी जात होती, तिला स्काउ स्कूनर म्हणतात. सपाट तळ, बोथट नाळ आणि तळाच्या फळ्या लांबीच्या दिशेने न बसवता आडव्या ठोकलेल्या, असे तिचे रूप होते. कारागिरी दाखवायला त्यात फारसा वाव नव्हता, पण ओहोटीला ती चिखलावर सरळ उभी राहत असे आणि साक्रामेंटो व सॅन वाकीन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातील उथळ पाटांत शिरत असे. शहरातील घोड्यांसाठी गवत येई ते हिच्यावरूनच. आजच्या भाषेत सांगायचे तर ती शहराची इंधनवाहू गाडी होती. गवताच्या गंज्या डेकवर इतक्या उंच रचल्या जात की खालचे शीड आखडून बांधावे लागे आणि सुकाणू धरणाऱ्याला पुढचे दिसावे म्हणून उंच माचावर उभे राहावे लागे. अशा शेकडो बोटी एके काळी येथे होत्या. आज पाण्यावर चालणारी त्यांतली एकच उरली आहे, ती म्हणजे 1891 मध्ये फ्रेड सीमर यांनी हंटर्स पॉइंट येथे बांधलेली, डेकवर 59 फूट लांबीची 'आल्मा'.

'आल्मा'चा जीवनक्रम पाहिला की साऱ्या व्यवसायाचा उतार एका बोटीत दिसतो. 1918 मध्ये तिच्या डोलकाठ्या काढून तिला दुसऱ्या बोटीमागे ओढत न्यायची बार्ज करण्यात आले. पुढे तिच्यावर इंजिन बसवून उपसागराच्या तळाशी साचलेले शिंपले उपसण्याचे काम तिने 1957 पर्यंत केले आणि नंतर ती अल्विसोच्या चिखलात टाकून देण्यात आली. अल्विसो हे सॅन होजेचे जुने बंदर. सांता क्लारा खोऱ्यातील फळे आणि धान्य रेल्वे येण्यापूर्वी येथूनच शहराकडे जात. सनीव्हेल, सांता क्लारा, मिलपिटस या भागांत राहणारी असंख्य मराठी माणसे रोज 237 क्रमांकाच्या महामार्गावरून कचेरीत जाताना या गावाला वळसा घालतात. त्या रस्त्यापलीकडच्या दलदलीतून 1959 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने 'आल्मा'ला बाहेर काढले, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मी स्वतः अनेक वर्षे तेथून जात होतो आणि मला ते अगदी उशिरा कळले.

मूळ शर्यतीची परंपरा 1891 नंतर थांबली. त्यामागे भांडण नव्हते, बंदी नव्हती. 1880 च्या दशकापासून लाकडाच्या वाहतुकीत वाफेवर चालणाऱ्या स्कूनर आल्या, रेल्वेचे फाटे वाढले, विसाव्या शतकात पेट्रोलचे इंजिन आणि मोटारट्रक आले. घोडेच गेले, तेव्हा गवताची बोट कशाला? 1936 आणि 1937 मध्ये बे ब्रिज आणि गोल्डन गेट असे दोन मोठे पूल पाठोपाठ खुले झाले आणि पाण्यावरून माल नेण्याचे उरलेसुरले कारणही संपले. शिडाच्या बळावर पश्चिम किनाऱ्यावर व्यापार करणारे शेवटचे जहाज म्हणून 'सी. ए. थेयर' 1950 मध्ये निवृत्त झाले.

दरम्यानच्या काळात शिडाची विद्या हौशी लोकांनी सांभाळली आणि त्यांत सगळेच धनिक नव्हते. बेल्व्हेडेर येथील हॅरी कुकसन हे मद्यालय चालवणारे गृहस्थ. त्यांनी 1885 मध्ये स्वतःसाठी 'फ्रेडा' बांधली, जी आज पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत जुनी चालती यॉट समजली जाते. मोठ्या यॉटच्या मालकांपुढे आपल्या छोट्या बोटींना कोणी विचारत नाही, या रागातून काही जणांनी 1886 मध्ये टिबुरॉन येथे कोरिंथियन यॉट क्लब काढला. पुढे 1920 च्या दशकात 30 फुटी 'बर्ड' बोटी आणि 1930 च्या दशकात सॉसालिटोच्या नुनेस बंधूंच्या कारखान्यातील 23 फुटी 'बेअर' बोटी आल्या. या दोन्ही वर्गांची आखणी खास येथल्या वाऱ्यासाठी झाली होती.

त्या वाऱ्याविषयी थोडे सांगितले नाही, तर बोटींची घडण समजणार नाही. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. येथे खाऱ्या वाऱ्याचाच प्रकार आहे, पण तो फार मोठ्या प्रमाणावर चालतो. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे मधले खोरे 40 अंशांपर्यंत तापते, तेथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला पॅसिफिकवरची थंड हवा धावते. किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेत तिला मिळणारी मोठी फट एकच, ती म्हणजे जेमतेम दीड किलोमीटर रुंदीची गोल्डन गेटची सामुद्रधुनी. त्यामुळे सकाळी निवांत असलेल्या उपसागरावर दुपारी 20 ते 25 नॉट (तासाला तितके सागरी मैल) वेगाचा वारा नियमाने सुटतो. त्याच वेळी ओहोटीचे पाणी त्याच फटीतून समुद्राकडे धावत असले, तर वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे अशा झटापटीत आखूड, उभ्या लाटा उसळतात. म्हणून येथील जुन्या यॉट जड तळाच्या, कमी शिडाच्या आणि भरभक्कम बांध्याच्या असतात. शांत पाण्याच्या सरोवरावर त्या मंद वाटतात आणि येथे मात्र त्यांचे मोल कळते.

लाकडी बोटीला खरा धक्का बसला तो 1959 मध्ये. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पिअर्सन कंपनीने 'ट्रायटन' ही फायबरग्लासची 28 फुटी यॉट मांडली आणि हप्त्यांवर बोट घेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गाने तिला उचलून धरले. पश्चिम किनाऱ्यासाठीच्या 'ट्रायटन' सॉसालिटोतच घडू लागल्या, म्हणजे ज्या गावात नुनेस बंधूंनी फळी फळीला जोडली त्याच गावात आता साच्यातून बोटी निघू लागल्या. फायबरग्लासचा दोष काढण्याचे कारण नाही. लाकडी बोटीचा मालक होणे म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला त्या ग्राहकांची निवड समजते. काही महिने जमिनीवर ठेवलेली बोट पाण्यात सोडली की वाळून आकसलेल्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागते आणि फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत पंप चालू ठेवून जागत बसावे लागते. सांध्यांत ठोकून भरलेली कापसाची वळी दर काही वर्षांनी उकरून नव्याने भरावी लागते. त्यातही खारे पाणी लाकडाला मानवते आणि कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. त्यामुळे जुने जाणते लोक डेक समुद्राच्या पाण्याने धुतात. कोकणच्या किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्याला यांपैकी एकही गोष्ट नवी वाटणार नाही.

मग 1965 मध्ये, म्हणजे लाकडी यॉट बांधण्याचा धंदा बसत असतानाच, ही विसरलेली शर्यत पुन्हा सुरू झाली. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. कार्ल कॉर्टम यांच्या खटपटीने 1951 मध्ये शहरात सागरी संग्रहालय उघडले होते आणि 1963 पासून हाइड स्ट्रीट धक्क्यावर जुनी जहाजे लोकांना पाहता येऊ लागली होती. त्यामुळे कप्तानांच्या शर्यतीची आठवण जागी व्हायला आधार होता. शिवाय त्या काळात खुद्द उपसागरच धोक्यात होता. कडेकडेने भर घालून जमीन काढण्याच्या योजना इतक्या फोफावल्या होत्या की बर्कलीला आपले क्षेत्र पाण्यात भर घालून जवळपास दुप्पट करायचे होते. त्याविरुद्ध 1961 मध्ये के कर, सिल्व्हिया मॅक्लॉफ्लिन आणि एस्थर गुलिक या तीन महिलांनी चळवळ उभी केली आणि 1965 मध्येच उपसागरातील भरावावर नियंत्रण ठेवणारा आयोग कायद्याने अस्तित्वात आला. मुंबईत त्याच दशकात बॅकबेची भरणी जोरात होती, हे आठवले की या निर्णयाचे वेगळेपण अधिक जाणवते. शर्यत आणि आयोग या दोन्ही घटनांमागची माणसे वेगळी होती, पण काळ एक होता आणि भावनाही एकच होती: पाणी आहे तोवर त्यावर काय होते ते विसरू नये.

नव्या रूपात शर्यतीचे नियम बदलले, तरी तिचा जुना स्वभाव राहिला. गॅफ पद्धतीचे चौकोनी शीड, उंच त्रिकोणी शीड, मोठ्या स्कूनर, बेअर, बर्ड असे वर्ग केलेले असतात आणि साधारणपणे संथ बोटींना आधी सोडतात, जेणेकरून शेवटी सगळा तांडा एकत्र येईल. राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यात असलेली 'आल्मा'ही स्वयंसेवकांना घेऊन या शर्यतीत उतरत आली आहे, आणि अख्ख्या ताफ्यात 1867 च्या बोटींचे खरे गोत्र सांगू शकेल अशी बहुधा ती एकटीच आहे. 'फ्रेडा' धक्क्याला बांधलेली असताना बुडाली होती. सॉसालिटोच्या स्पॉल्डिंग यांच्या जुन्या कारखान्यात, जो आता लाकडी बोटींचे प्रशिक्षण देणारे केंद्र आहे, तिची अनेक वर्षे दुरुस्ती चालली आणि 2014 मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली.

मॅथ्यू टर्नर यांच्या 228 जहाजांपैकी 1891 च्या 'गॅलिली'चे अवशेष शिल्लक आहेत. सॉसालिटोच्या चिखलात ती अनेक दशके पडून होती. पुढे तिचा मागचा भाग कापून सॅन फ्रान्सिस्कोला नेण्यात आला आणि पुढचा भाग बेनिशियाच्या संग्रहालयात गेला. तिच्याच रेषांवरून सॉसालिटोत स्वयंसेवकांनी एक नवी ब्रिगन्टाइन, म्हणजे पुढच्या डोलकाठीवर आडवी चौकोनी शिडे असलेले दोन डोलकाठ्यांचे जहाज, बांधली, 2017 मध्ये पाण्यात सोडली आणि तिला मूळ कारागिराचेच नाव दिले. शिडावर चालताना तिचे पंखे पाण्याच्या वेगाने फिरतात आणि पोटातल्या बॅटऱ्या भरत राहतात.