‘एन्शंट मॅरिनर’ : छंद, यमक व पुनरावृत्ती

सॅम्युएल टेलर कोलरिज (१७७२–१८३४) यांच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ या सात भागांच्या समुद्रकाव्याची रचनापद्धती. काव्यलेखन साधारणपणे नोव्हेंबर १७९७ ते मार्च १७९८ या काळातले मानतात. १७९८ च्या ‘लिरिकल बॅलड्स’ या काव्यसंग्रहात ते कवीच्या नावाविना छापले गेले.

मूळ घटक बॅलडचे, म्हणजे कथागीताचे, चार ओळींचे कडवे. पहिल्या व तिसऱ्या ओळीत चार आघात (जोर देऊन उच्चारायचे अवयव), दुसऱ्या व चौथ्या ओळीत तीन. यमक फक्त दुसऱ्या-चौथ्या ओळींत. या कडव्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. सात आघातांच्या दीर्घ द्विपदीचे चौथ्या आघातानंतर दोन तुकडे पडले, असे एक मत. नाचगाण्याच्या चालींतून ते आले, असे दुसरे. विषम ओळी यमकाविना का राहतात, याचा उलगडा पहिल्या मताने सहज होतो, म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते. कोलरिज यांच्यापुढे टॉमस पर्सी यांच्या १७६५ च्या संग्रहातील जुनी बॅलडे होती. त्यांनी कडवे जागोजागी पाच-सहा ओळींपर्यंत वाढवले. एक कडवे तर नऊ ओळींचे आहे.

विषम ओळीत अंत्ययमक नसल्याची भरपाई बरेचदा मध्ययमक करते : ‘द फेअर ब्रीझ ब्ल्यू, द व्हाइट फोम फ्ल्यू, / द फरो फॉलोड फ्री’. ‘ब्ल्यू–फ्ल्यू’ने ओळ बरोबर मध्यावर दुभंगते आणि ‘फ’चा अनुप्रास जहाजाला वेग देतो. यातील दुसऱ्या ओळीचा पाठ बदलत गेला. काव्य रचले तेव्हा कवीने लांबचा समुद्रप्रवास केलेला नव्हता. पुढे प्रत्यक्ष जहाजावरून पाहिल्यावर पाण्यातली चाकोरी (‘फरो’) मागे येत नाही, जहाजाच्या मागच्या टोकाकडून ओहोळासारखी दूर वाहत जाते, असे त्यांच्या ध्यानात आले. १८१७ मध्ये त्यांनी ‘स्ट्रीम्ड ऑफ फ्री’ असा पाठ तळटीप देऊन घातला. निरीक्षण नेमके झाले, पण अनुप्रास तुटला. नंतर जुनाच पाठ परत आला. कानाला तोच योग्य.

वारा पडताच पुनरावृत्तीचे काम बदलते. ‘डाउन ड्रॉप्ट द ब्रीझ, द सेल्स ड्रॉप्ट डाउन’ या ओळीत शब्दक्रम उलटतो. ‘डे आफ्टर डे, डे आफ्टर डे’मध्ये चारही आघात वापरले जातात, पण जहाज हलत नाही. पुढे ‘पेंटेड’ दोनदा येते आणि ‘मोशन–ओशन’ हे आघातहीन शेवटाचे यमक ओळ सैल सोडते.

काही पुनरावृत्ती दिशादर्शक आहे. पहिल्या भागात सूर्य डावीकडे उगवतो, दुसऱ्याच्या आरंभी जवळपास त्याच शब्दांत उजवीकडे. जहाज आधी दक्षिणेकडे जात होते, आता उत्तरेकडे वळले आहे, एवढे एका बदललेल्या शब्दावरून कळते.

मराठीत आघातगणना नाही. साकीसारख्या २८ मात्रांच्या जातीतील १६ व १२ मात्रांची विभागणी या ४–३ रचनेला बरीच जवळची. तिथेही यमक दीर्घ चरणाच्या शेवटीच पडते. अनुवादक चारही ओळी सारख्या लांबीच्या करतात तेव्हा आखूड ओळीनंतरचा विराम बुजतो.