पीआर कधी झालात आणि टॅक्सचे रहिवासी कधी झालात?

कॅनडातलं पहिलं रिटर्न भरताना एक रकाना हमखास अडवतो: या वर्षात तुम्ही कॅनडाचे रहिवासी झाला असाल, तर तारीख लिहा. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या भागात मोफत रिटर्न भरून देण्याचं शिबिर असतं, तिथे मी स्वयंसेवक म्हणून बसते. हा प्रश्न वाचला की समोरचा माणूस पाकीट उघडून पीआर (परमनंट रेसिडेन्सी) कार्ड काढतो आणि पीआर मिळाल्याची तारीख सांगतो. पुष्कळदा ती तारीख चुकीची असते, आणि त्या चुकीचे पैसे पुढे कित्येक वर्षं जात राहतात.

पीआर म्हणजे या देशात कायम राहण्याचा, काम करण्याचा हक्क. तो इमिग्रेशन खातं देतं, कागदावर देतं, आणि टिकवायचा तर कुठल्याही ५ वर्षांत ७३० दिवस इथे काढायला लागतात. ते सलग नसले तरी चालतात. पासपोर्टवरचे शिक्के धरून हिशोब लागतो, विषय संपला.

टॅक्सचं रहिवासीपण मात्र कुणी देत नाही. तुम्ही कसे राहता त्यावरून ते ठरतं आणि ते बघणारं खातं वेगळं, सीआरए, म्हणजे कॅनडाचं टॅक्स खातं. तुमचं राहतं घर कुठे आहे, नवरा किंवा बायको कुठे आहे, तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं कुठे आहेत, हे तीन धागे सगळ्यात मोठे. बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स, हेल्थ कार्ड, गाडी हे त्यामागचे बारीक धागे. इथे राहायचं म्हणून येऊन तुम्ही हे धागे बांधलेत की त्या दिवसापासून तुम्ही टॅक्सचे रहिवासी. हातात स्टडी परमिट आहे, वर्क परमिट आहे की पीआर, याने त्यात फरक पडत नाही.

आपल्याला हे पटायला जड जातं, कारण आपण भारतातून १८२ दिवसांची पट्टी घेऊन येतो. तिथे दिवस मोजले की बहुतेकांचं उत्तर मिळतं. इथेही १८३ दिवसांचा एक नियम आहे, पण तो ज्यांचे इथे मोठे धागे नाहीत आणि जे मुक्कामापुरते येतात त्यांच्यासाठी. ऑक्टोबरमध्ये संसार घेऊन उतरलेला माणूस ‘यंदा माझे १८३ दिवस भरलेच नाहीत’ असं म्हणून रिटर्न टाळतो, तेव्हा तो दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेला नियम स्वतःला लावत असतो.

समजा, एक मुलगा ऑगस्ट २०२१ मध्ये ओंटारियो प्रांतातल्या किचनरला शिकायला आला. बेसमेंट भाड्याने घेतलं, बँक खातं उघडलं, अर्धवेळ काम धरलं, मग वर्क परमिट आणि २०२४ मध्ये पीआर. टॅक्सच्या हिशोबाने त्याची तारीख ऑगस्ट २०२१ ची. टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात पैसे ठेवायची मर्यादा, वय १८ पूर्ण असेल तर, टॅक्सचा रहिवासी झाल्याच्या वर्षापासून साठत जाते, आणि पहिलं वर्ष अर्धंमुर्धं असलं तरी पूर्ण धरलं जातं. २०२१ आणि २०२२ चे प्रत्येकी ६,०००, २०२३ चे ६,५०० आणि २०२४ चे ७,००० मिळून २०२४ पर्यंत त्याच्याकडे २५,५०० डॉलरची जागा साठली होती. पीआरची तारीख धरून बसला असता, तर ती ७,००० च वाटली असती. उलट बाजूने, पीआर घेऊन आजच आलेले काही जण हे खातं सुरू झालं त्या २००९ पासूनची सगळी जागा आपलीच समजून पैसे भरतात आणि जास्तीच्या रकमेवर दरमहा १ टक्का दंड देतात.

सवलतींचं मात्र नीट ऐका, कारण इथे दोन्ही रहिवासीपणं एकमेकांत गुंतलेली आहेत. जीएसटी क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी रक्कम, त्याला टॅक्सचं रहिवासीपण आणि साधारण १९ वर्षं वय पुरतं, पीआर लागत नाही. मुलांसाठीच्या कॅनडा चाइल्ड बेनिफिटला मात्र दोन कुलपं आहेत. टॅक्सचे रहिवासी तर हवेच, शिवाय आई-वडिलांपैकी एकजण तरी नागरिक, पीआर किंवा संरक्षण मिळालेली व्यक्ती हवी. नाहीतर वर्क किंवा स्टडी परमिटवाल्यांनी आधीचे सलग १८ महिने इथे काढलेले असावेत आणि १९ व्या महिन्यात परमिट चालू असावं. पीआर घेऊन आलेल्यांना ही वाट बघावी लागत नाही.

आम्ही पीआर घेऊनच उतरलो होतो. लेक तेव्हा ४ वर्षांची. एका सल्लागाराने सांगितलं, रिटर्न भरलं की चाइल्ड बेनिफिटचे पैसे आपोआप सुरू होतील. म्हणून आम्ही थांबलो. ते आपोआप काही सुरू होत नाहीत. त्यासाठी आरसी६६ हा वेगळा फॉर्म आणि नवीन आलेल्यांसाठीची त्याची पुरवणी भरावी लागते, आणि ती उतरल्यावर लगेच देता येते. त्या हिवाळ्यात लेकीचे स्नो बूट घेताना आम्ही दोनदा दुकानातून परत आलो. हे पैसे तेव्हाच हातात यायला हवे होते. म्हणून आता शिबिरात लहान मूल दिसलं की मी रिटर्नच्या आधी या फॉर्मचं विचारते.

त्या पुरवणीत येण्याआधीचं भारतातलं उत्पन्नही विचारतात. बरेच जण घाबरून तिथे शून्य टाकतात. तसं करू नका. त्या उत्पन्नावर कॅनडा टॅक्स लावत नाही, फक्त सवलत किती द्यायची त्यासाठी ते बघतं. आणि घरात एकच जण कमावत असला तरी नवरा-बायको दोघांनीही दरवर्षी रिटर्न भरायचं, शून्य उत्पन्न असलं तरी. एकाचं राहिलं की जुलैपासून पैसे थांबतात. ओंटारियोत भाड्याने राहत असाल तर भाड्याच्या पावत्या जपा, ट्रिलियम बेनिफिट या प्रांताच्या सवलतीत भाडं धरलं जातं. घरमालकाने मागितल्यावर पावती फुकट द्यायची असते.

रहिवासी झाल्याच्या तारखेपासून जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं. पीपीएफचं आणि एनआरई ठेवींचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही. भारतात कापला गेलेला टॅक्स नियमात बसेल तेवढा इथे वजा मिळतो. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे बँकेचं प्रमाणपत्र जसंच्या तसं चालत नाही, महिने जुळवावे लागतात.

याच तारखेत एक फायदाही आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. रहिवासी झालात त्या दिवशी तुमचे शेअर, म्युच्युअल फंड, भारतातला फ्लॅट हे सगळं त्या दिवशीच्या बाजारभावाने विकत घेतलं असं कॅनडा मानतं. २ लाखांना घेतलेले शेअर त्या दिवशी ९ लाखांचे असतील आणि पुढे १० लाखांना विकले, तर इथला नफा १ लाखाचा, ८ लाखांचा नाही (भारताचा टॅक्स भारताच्या नियमाने, तो वेगळा). म्हणून त्या दिवसाचं डिमॅट आणि फंडांचं स्टेटमेंट आजच काढून ठेवा. परदेशातल्या अशा मालमत्तेची एकूण खरेदी-किंमत (जुन्या मालमत्तेची त्या दिवशीच्या बाजारभावाने धरलेली) १ लाख डॉलरच्या वर गेली, तर टी११३५ हा माहितीचा फॉर्मही लागतो. रहिवासी झाल्याच्या पहिल्या वर्षी त्यातून सूट आहे.

सगळ्यात अवघड गाठ पडते ती दोन घरांच्या संसारात. आठवडाभर येऊन, पीआरचे सोपस्कार उरकून सगळं कुटुंब पुण्याला परत गेलं, तर पीआर झालात, पण टॅक्सचे रहिवासी सहसा झाला नाहीत, धागे अजून तिकडेच आहेत. पण बायको-मुलं टोरोंटोजवळच्या मिसिसागात ठेवून नवरा एकटा पुण्याच्या नोकरीवर परतला, तर गोष्ट उलटते. त्याचे सगळ्यात मोठे दोन धागे इथे आहेत, म्हणून त्याचा पुण्याचा पगारही कॅनडाच्या रिटर्नमध्ये येऊ शकतो. दोन्ही देश त्याला रहिवासी म्हणू लागले तर भारत-कॅनडा करार उघडावा लागतो: कायमचं घर कुठे, नाती आणि व्यवहार कुठे जास्त, अशा क्रमाने तो एक देश ठरवतो. इथे चांगल्या टॅक्सवाल्याची फी द्या. आणि हे चालू असताना त्याचे पीआरचे ७३० दिवस भरतच नसतात. टॅक्सला रहिवासी राहून पीआर गमावण्याची पाळी अशीच येते.

कायमचं परत जायचं ठरलं तरी हीच दोन टोकं वेगवेगळी सोडवावी लागतात. विमानात बसल्याने पीआर संपत नाही आणि पीआर सोडल्याने टॅक्सचे धागे तुटत नाहीत. भाड्याचं घर सोडलंत, कुटुंब सोबत नेलंत, की टॅक्सचं रहिवासीपण सहसा संपतं, आणि त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये देश सोडल्याची तारीखही लिहावी लागते.