‘गाठ पूर्ण निघाली ना?’ : मेंदूतील गाठ परत येण्यामागची पार्श्वभूमी

मेंदूची शस्त्रक्रिया आटोपून सर्जन बाहेर आले की नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, गाठ पूर्ण निघाली ना?” या प्रश्नाला अर्थ यायचा तर आधी रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचायला हवा. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुणाच्या मेंदूतील ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून वाढणारी गाठ, काढला खरा, पण जंतुसंसर्गामुळे तो महिन्याभरातच दगावला. गाठ परत येण्याइतका अवधीच त्याला मिळाला नाही.

हा अवधी अमेरिकी मेंदू-सर्जन हार्वे कुशिंग यांच्या पिढीने मिळवून दिला. अमेरिकी सेनानी लेनर्ड वुड यांच्या मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ, म्हणजे मेनिंजिओमा, कुशिंग यांनी १९१० मध्ये काढली. त्यानंतर वुड यांनी लष्करप्रमुखपद सांभाळले, १९२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झुंज दिली आणि पुढे ते फिलिपिन्सचे गव्हर्नर-जनरलही झाले. मात्र गाठ पुन्हा वाढली आणि ऑगस्ट १९२७ मध्ये कुशिंग यांनीच केलेल्या शस्त्रक्रियेनंतर वुड यांचा मृत्यू झाला. मधली सतरा वर्षे पाहता याला निव्वळ अपयश म्हणवत नाही.

असे का घडते, याचा हिशेब १९५७ मध्ये सर्जन डोनाल्ड सिम्पसन यांनी मेनिंजिओमाच्या २६५ रुग्णांवरून मांडला. गाठीबरोबर ती जिथे चिकटली होती ते आवरण आणि बाधित हाडही काढलेल्यांत ९ टक्के रुग्णांची गाठ परतली. चिकटलेली जागा नुसती डागली तेव्हा १९ टक्के, आणि ती तशीच ठेवली तेव्हा २९ टक्के. गाठ ‘पूर्ण’ निघाली असे या तिन्ही गटांत म्हणता आले असते.

ग्लायोमाला हा हिशेब लागू पडत नाही. त्याच्या पेशी निरोगी दिसणाऱ्या मेंदूतही पसरलेल्या असतात. अमेरिकी सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढल्याचे प्रसिद्ध केले, तरीही या मार्गाने ग्लायोमा हटला नाही. ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे ग्लायोमाच्या सर्वांत आक्रमक प्रकारात, रेडिओथेरपीला टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची जोड दिल्यावर दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्क्यांवर गेल्याचे २००५ मध्ये दिसले. तिथेही गाठ परत येणे हाच नियम राहिला.

गाठ किती निघाली याची सिम्पसन यांची प्रतवारी सर्जनच्या नजरेवर अवलंबून होती. आता ग्लायोमाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण ७२ तासांच्या आत एमआरआय करतात, कारण त्यापुढे जखम भरतानाचे बदल आणि उरलेली गाठ यांतला फरक ओळखणे अवघड होत जाते.