निद्राश्वसनरोधावरील फेरशस्त्रक्रिया

झोपेत घशाचा मार्ग वारंवार मिटून श्वास अडण्याचा विकार (ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया) एका शस्त्रक्रियेनंतरही टिकून राहिल्यास किंवा उलटल्यास करावी लागणारी पुढील शस्त्रक्रिया. दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा मुखवटा सोसत नाही अशा रुग्णांतच तिचा प्रामुख्याने विचार होतो.

पहिली शस्त्रक्रिया बहुधा पडजीभ, मृदू टाळूची कड व टॉन्सिल काढण्याची (यूपीपीपी) असते. तिच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. जपानमधील इकेमात्सु यांनी टाळूवरील अशी शस्त्रक्रिया 1964 मध्ये प्रसिद्ध केली, परंतु ती घोरण्यावर होती. श्वसनरोधावरील उपचार म्हणून तिची मांडणी डेट्रॉइटच्या फुजिता यांनी 1981 मध्ये केली. त्यामुळे प्रस्तुत संदर्भात श्रेय फुजितांकडे जाते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

शेर व सहकाऱ्यांच्या 1996 च्या आढाव्यात या शस्त्रक्रियेचे यश सुमारे 40 टक्केच आढळले. तासाला श्वास अडण्याची वा मंदावण्याची संख्या निम्म्याहून खाली आणि 20 च्या आत येणे, हा यशाचा रूढ निकष. त्यानुसार 60 वरून 19 वर आलेला रुग्ण ‘यशस्वी’ ठरतो, पण 15 ते 30 हा मध्यम विकारच होय. दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाला हा निकष न्याय देत नाही.

अपयशाचे नेहमीचे कारण म्हणजे जिभेच्या मुळाशी किंवा घशाच्या बाजूच्या भिंतींत राहून गेलेला अडथळा. तो शोधण्यासाठी रुग्णाला औषधाने झोपवून नाकातून बारीक दुर्बीण घालतात (क्रॉफ्ट व प्रिंगल, 1991). रुग्ण घोरू लागला की कुठे काय मिटते ते दिसते. काहींची टाळू मागे टेकते, तर काहींत नाडी ओढलेल्या बटव्यासारखी चहूबाजूंनी आवळते. या तपासणीशिवाय पुन्हा सुरी लावू नये. आधीच्या व्रणाने टाळू आखडलेली असते. आणखी ऊती कापल्यास पाणी पिताना नाकातून परत येऊ शकते.

म्हणून टाळूवर फेरशस्त्रक्रिया करताना कापण्यापेक्षा स्नायू वळवून ताणण्यावर (पँग व वुडसन, 2007) भर असतो. दोन्ही जबडे पुढे आणण्याची शस्त्रक्रिया मोठी, पण सर्वांत परिणामकारक; 2010 च्या एका आढाव्यात वरील निकषाने तिचे यश 86 टक्के होते. जिभेच्या चेतातंतूला उद्दीपित करणाऱ्या रोपणाच्या 2014 च्या चाचणीत 126 रुग्णांत तासाला श्वास अडण्याची वा मंदावण्याची मध्यक संख्या वर्षभरात 29.3 वरून 9 वर आली. टाळू बटव्यासारखी आवळत असल्यास हे रोपण सहसा टाळतात.

मुलांत ॲडिनॉइड (नाकामागील ग्रंथी) व टॉन्सिल काढल्यावरही, विशेषतः स्थूलता किंवा डाउन सिंड्रोम असल्यास, विकार उरतो. तेव्हा जिभेच्या मुळावरील टॉन्सिल वाढले आहेत का ते पाहतात.