सीआय पाइपलाइनमधील सुरक्षा-स्कॅनिंग

कोडमधला बदल मुख्य शाखेत (प्रकल्पाच्या मुख्य प्रतीत) मर्ज होण्याआधी त्यातील सुरक्षेच्या त्रुटी यंत्राकडून शोधून घेण्याची पद्धत. सीआयमध्ये (कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे बदल वारंवार एकत्र करत राहण्याची पद्धत) बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करणे, आणि चाचण्या आपोआप चालतातच. ही तपासणी त्यांच्या जोडीला बसवतात. प्रोग्रॅम न चालवता, नुसता कोड वाचून ती होते. बेल लॅब्जमधील स्टीफन जॉन्सन यांचा १९७८ सालचा ‘लिंट’ हा या साधनांचा पूर्वज.

तिची गरज फेब्रुवारी २०१४ मध्ये ठळकपणे दिसली. ॲपलच्या टीएलएस (इंटरनेटवरील संवाद सुरक्षित ठेवणारी पद्धत) कोडमध्ये ‘गोटू फेल’ (थेट शेवटाकडे उडी मार) ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली ‘इफ’च्या अटीखाली होती, दुसरी मोकळी. त्यामुळे पुढची डिजिटल सहीची पडताळणी कधी होतच नव्हती आणि फंक्शन मात्र ‘सारे ठीक’ असे कळवत होते. कधीच न चालणाऱ्या कोडची सूचना क्लँग हा कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) देऊ शकत होता, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. साधन हाताशी असणे वेगळे आणि ते प्रत्येक बदलावर चालणे वेगळे. मात्र दोनच महिन्यांनी उघड झालेला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमधला ‘हार्टब्लीड’ हा दोष तेव्हाच्या प्रचलित साधनांच्या नजरेतून निसटला होता. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे कोड सुरक्षित, असे मानू नये.

आज कोडक्यूएल, सेमग्रेप, पायथनसाठी बँडिट ही साधने रुळली आहेत. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर तसाच डेटाबेसच्या क्वेरीत जातो का, याचा माग कोडक्यूएल एका फंक्शनमधून दुसऱ्यात शिरत काढते. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने २०२० पासून ते सर्वांसाठी खुले केले. सार्वजनिक रिपॉझिटरींना (कोडच्या साठ्यांना) ते मोफत आहे.

जुन्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी प्रत्येक इशाऱ्यावर बिल्ड नापास करणे ही सर्वात महाग चूक. शेकडो इशारे एकदम अंगावर आले, त्यांतले बरेच खोटे निघाले, की माणसे ते वाचायचेच सोडतात, आणि खरा इशाराही त्यातच बुडतो. जुन्या त्रुटींची नोंद करून त्या टप्प्याटप्प्याने निपटाव्यात. पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करण्याची विनंती) अडवावी ती तिने नव्याने आणलेल्या गंभीर त्रुटीवरच.

पाइपलाइनमध्ये जोडलेले प्रत्येक साधन हे तिथल्या पासवर्ड-टोकनांपर्यंत पोहोचणारे नवे दारही असते. मार्च २०२५ मध्ये ‘चेंज्ड-फाइल्स’ या लोकप्रिय गिटहब ॲक्शनमध्ये (पाइपलाइनमध्ये जोडायच्या तयार तुकड्यात) घुसवलेल्या कोडने बिल्डमधली गुपिते लॉगमध्ये छापली. म्हणून बाहेरची ॲक्शन टॅगने (आवृत्तीला दिलेल्या नावाने) न बोलावता कमिटच्या पूर्ण हॅशने (नोंदवलेल्या त्या नेमक्या कोडच्या ओळखक्रमांकाने) बोलवावी. टॅग मागाहून दुसऱ्याच कोडकडे वळवता येतो, आणि त्या हल्ल्यात नेमके तेच झाले होते.